ओढ्याकडचा तुकडा

एडवण
१४ सप्टेंबर १९६५

सुलूताईस दिनानाथचा नमस्कार.

रविवारी तू शाळेतल्या पोरांना घेऊन आमचा सामना बघायला आलीस आणि मी तुला न भेटताच गाडी पकडली. रागावू नकोस. त्या पळापळीत आमचा चिंतू एक बूट माळावरच टाकून आला, मग बहिणीला कुठे शोधत बसणार?

ताई, तो सामना काही केल्या डोक्यातून जात नाही. एक-एक बरोबरी, थोडाच वेळ उरलेला, आणि नव्या अणुवीज प्रकल्पावरच्या मजुरांचा संघ पार दमलेला. नेमका तेव्हाच त्यांच्या बाजूचा गोलखांब वाऱ्याने कलला आणि रेफरीने खेळ थांबवला. पलीकडच्या शेतातून तो उंच वारली पहार घेऊन आला. खांब उपटून नुसता पुन्हा ठोकायचा, तर हा गडी खोल खणायला बसला. खण्ण करून आवाज झाला, आम्हाला वाटलं दगड लागला. त्यांचा गोलकीपर आधी फौजेत होता. तो गुडघ्यांवर बसला, हाताने माती बाजूला केली आणि अगदी हळू म्हणाला, "सब पीछे हटो. दौड़ना नहीं." झालं, सगळे पळाले.

आता लोक म्हणतात तो बाँब पाकिस्तानने टाकला. कधी टाकला, कुणी पाहिला, कुणाला ठाऊक नाही. इथे गावात दिव्यांना काळे कागद लावलेत आणि समुद्रात होडी दिसली तरी बायका पोरांना घरात ओढतात.

अण्णांना सांगितलं, तर हातातली विड्याची पानं तशीच खाली ठेवून ते बसून राहिले. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "तो मागच्या लढाईतला असेल. त्या माळावर पुन्हा जायचं नाही."

तू तिथेच राहतेस म्हणून सांगतो. माळ केव्हा मोकळा होतो त्यावर लक्ष ठेव. उरलेला खेळ आम्हाला खेळायचाच आहे. जिंकणाऱ्याची ढाल आमचीच होती, ताई. त्या माणसाला एवढं खोल खणायला कुणी सांगितलं होतं?

तुझा
दिनू

* * *

सरावली
१८ सप्टेंबर १९६५

चि. दिनूस,

त्या माणसाचं नाव सुका. तुमचं मैदान जिथे संपतं तिथे त्याच्या शेताचा बांध सुरू होतो. खांब पुन्हा पडून कुणाच्या डोक्यात बसू नये म्हणून त्याने खोल खणलं. कुणी सांगितलं नव्हतं.

आता इथलं ऐक. पोलिसांनी माळाभोवती लाल निशाणं लावली आहेत. सुकाचा उंबरपाडा सगळा त्या निशाणांच्या आत आला. रविवारीच संध्याकाळी सगळ्यांना उठवून आमच्या शाळेत आणून घातलं. दोन वर्गांत सगळा पाडा, कोंबड्यांसकट. मी माझ्या खोलीत बायका आणि लहान मुलं घेतली आहेत. सुकाची बायको नवसी माझ्या शेजारीच निजते. तिचं मूल अंगावरचं आहे.

सुकाचे वडील जिवल्याबाबा शाळेत थांबतच नाहीत. पहाटे उठतात आणि निशाणापर्यंत जाऊन उभे राहतात. तिथून त्यांना त्यांचं भात दिसतं. हळवं भात आहे, पंधरवड्यात कापायला येईल. पोलीस त्यांना परत आणून सोडतात. म्हातारा मला म्हणतो, "बाय, पाखरां खातंन. आमी हितं बसून रेलों." पाड्यात वर्षाचं एवढंच पीक. नागली उंचावर थोडी, ती यंदा गेली.

हवालदार बरा माणूस आहे. तो म्हणतो, बाँब काढणारी सैन्यातली माणसं सरहद्दीवर आहेत, लढाई चालू असताना एका माळासाठी कोण येणार? त्याचंही चुकत नाही.

अण्णांना विचार, त्यांना काय ठाऊक आहे. इथे कुणालाच काही ठाऊक नाही.

सुलू

* * *

एडवण
२४ सप्टेंबर १९६५

सुलूताईस,

लढाई थांबली. काल चावडीवर रेडिओ ऐकायला सगळा गाव जमला होता. आता सैन्याची माणसं मोकळी होतील आणि तुझ्या पाड्याचंही काम होईल. म्हणजे महिन्याभरात माळ मोकळा, असा आमचा हिशेब आहे. मधेच प्रकल्पावाल्यांनी ढाल आपल्याकडे ठेवून घेतली असं कळलं. अर्धवट सामन्यावर ढाल कशी ठेवतात? मी त्यांना पत्र टाकलं आहे.

अण्णा बोलायला तयार नाहीत. फार मागे लागलो तेव्हा एवढंच म्हणाले, की मागच्या लढाईत इंग्रजांची विमानं त्या माळावर बाँब टाकायचा सराव करीत, तेव्हाही पाडे उठवले होते, आणि पडलेला प्रत्येक बाँब वाजला नव्हता. म्हणजे एकच आहे असं धरून चालू नका. हे त्या हवालदाराच्या कानावर घाल.

पाड्यातल्या लोकांना सरकारातून धान्य मिळत असेलच. तू उगाच जीव जाळू नकोस. केळीचा एक लोंगर पाठवत आहे, पोरांना वाट.

दिनू

* * *

सरावली
२९ सप्टेंबर १९६५

चि. दिनूस,

केळी मिळाली. पोरांनी सालीसुद्धा ठेवल्या नाहीत.

धान्य एकदा आलं, ते संपलं. आता बायका रानात जाऊन कडूकंद आणतात, रात्रभर ओढ्याच्या पाण्यात ठेवतात, उकडतात. मूल चोखत राहतं आणि नवसीला दूध येत नाही. ती रडत नाही. तिच्याकडे बघवत नाही एवढंच सांगते.

काल सैन्याचा अधिकारी येऊन पाहून गेला. तरुण आहे, बोलायला नम्र. तो म्हणाला, हा बाँब हलवण्यासारखा राहिलेला नाही, गंजून पार खाल्ला गेला आहे. आठ तारखेला शुक्रवारी सामान घेऊन येतील आणि जागच्या जागी उडवतील. त्यात बांध जाईल, शेत जाईल, जवळची चार घरं जातील.

सुकाने मला पुढे केलं. "बाय, त्याला सांग, आमाला कापून घेव दे. मग तुमी उडवा." मी हिंदीत सांगितलं. अधिकाऱ्याने एकदा शेताकडे पाहिलं. मग म्हणाला, "बहनजी, कल को एक आदमी भी मर गया तो मैं क्या जवाब दूँगा?" मी ते सुकाला मराठीत सांगितलं. सुका म्हणाला, "आनी भाताबिगर चार महिन्यांत आमी मेलों तं?" हे मी अधिकाऱ्याला सांगितलं नाही. काय उपयोग होता?

आज पहाटे सुका इळा घेऊन आत गेला. दोन भारे कापले असतील तोच पोलिसांनी पकडला. दिवसभर चौकीत बसवून ठेवलं, संध्याकाळी सोडलं, इळा ठेवून घेतला. तो आला तेव्हा जिवल्याबाबांनी त्याला एवढंच विचारलं, "दाना भरलाय का?" सुका म्हणाला, "भरलाय. हात लावला का झडतं."

तुझ्याकडे मी काही मागत नाही. मागावं असं काही सुचतही नाही. सगळा दिवस ह्या लोकांत काढायचा आणि बोलायला कुणी नाही, म्हणून लिहिलं.

तुझ्या ढालीचं कुणाला विचारायला मला जमलं नाही.

सुलू

* * *

एडवण
१ ऑक्टोबर १९६५

ताई,

रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही सगळा संघ येतो आहोत. अण्णांना सांगितलंय की प्रकल्पावाल्यांशी दुसऱ्या मैदानावर खेळायचं ठरलं. तुला कुणी विचारलं तर तूही तेच सांग.

सुकाला सांग, इळ्यांची काळजी करू नको. आमच्या वाड्यांत आहेत तेवढे घेऊन येतो.

दिनू

* * *

सरावली
४ ऑक्टोबर १९६५, सोमवार

तीर्थरूप अण्णांस सुलूचा नमस्कार.

आमच्या शाळेतल्या हंसाबाई आज केळव्याला माहेरी चालल्या आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. दिनू काल खोटं सांगून इकडे आला होता. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगते. रागावायचं तर माझ्यावर रागवा, माझं पत्र वाचून तो आला.

गाडीतून पोरं जर्सी घालूनच उतरली, हातात पिशव्या. बोईसरच्या रस्त्यावर लोकांना वाटलं सामना आहे. पोलिसही हसून बाजूला झाला. शाळेत येऊन त्यांनी पिशव्या उघडल्या तेव्हा आत इळे. सुका उठला आणि पुढे चालू लागला. ओढ्याच्या बाजूने आडवाटेने तो त्यांना घेऊन गेला. मागून पाड्यातली धडधाकट माणसं गेली, बायकाही गेल्या. मी लहान मुलांना घेऊन शाळेच्या ओट्यावर बसले होते. प्रत्येक क्षणी वाटत होतं, आता आवाज होईल.

दुपारपर्यंत त्यांनी शेतांमागून शेतं कापली. बाँबाच्या जवळच्या बांधालगत सुका आणि दिनू दोघेच गेले, बाकीच्यांना येऊ दिलं नाही. भारे डोक्यावर घेऊन बायका धावत ओढ्यापलीकडे नेऊन टाकत होत्या. मग कुणीतरी जाऊन सांगितलं आणि हवालदार शिपाई घेऊन आला. त्याने शिव्या घातल्या, सगळ्यांची नावं लिहून घेतली, पण कापलेल्या भाताला हात लावला नाही. उलट जाताना मला म्हणाला, "बाई, ह्यांना म्हणावं झाकून ठेवा, पाऊस यायचा."

सुकाचा ओढ्याकडचा एक तुकडा तेवढा राहिला. जिवल्याबाबा त्याकडे बघत होते. दिनू त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "बाबा, बुधवारी येतो आणि तोही कापून देतो. तुम्ही आत जायचं नाही." म्हाताऱ्याने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. आज सकाळपासून म्हातारा सगळ्यांना सांगत सुटला आहे, एडवनची पोरां बुधवारी येनार हाईत.

अण्णा, तुमच्या मुलाचा मला काल फार अभिमान वाटला. घरी आला की त्याला बोलू नका.

सुलू

* * *

एडवण
६ ऑक्टोबर १९६५, बुधवार

चि. सुलोचनेस आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. बुधवारचं त्यातूनच कळलं. दिनूने मला सांगितलं नव्हतं.

मी त्याला जाऊ दिलं नाही. पोरांच्या घरोघर जाऊन सांगितलं, कुणीच निघालं नाही. तो एकटा निघाला तेव्हा मी दारात आडवा बसलो. माझ्या अंगावरून जायचं तर जा म्हणालो. तो गेला नाही. सकाळपासून जेवलेला नाही, माझ्याशी बोलत नाही.

मागच्या लढाईनंतरचं तुम्हा मुलांना कधी सांगितलं नाही. मी बोईसरच्या बाजाराला पानं घेऊन चाललो होतो. त्या माळावर एक लाकडं वेचणारी बाई वाजलेल्या बाँबाच्या पत्र्याजवळ गेली, आणि तिथे न वाजलेला एक होता, तो वाजला. मी तिला गाडीत घालून आणलं. पालघरपर्यंत ती शुद्धीवर होती. हाताच्या खुणेने पाणी मागत होती. तोंड राहिलं नव्हतं, पाणी घालू कुठे? तेव्हापासून मी त्या वाटेने गेलो नाही.

माझा एकच मुलगा आहे. तू मला काय म्हणशील ते म्हण.

त्या म्हाताऱ्याला सांग, वाट बघू नका. भाताचा एक तुकडा गेला तर गेला. आपल्या वाडीतून दोन पोती पाठवीन. पण त्याला आत जाऊ देऊ नकोस.

अण्णा

* * *

सरावली
१० ऑक्टोबर १९६५

दिनू,

बाँब शुक्रवारी उडवला. जिवल्याबाबा गेले.

अण्णांचं पत्र मला काल, शनिवारी मिळालं. ते गुरुवारी मिळालं असतं तर मी बाबांना सांगू शकले असते की आता कुणी येणार नाही. मिळालं नाही. बुधवारी ते दिवसभर शाळेच्या फाटकात बसले होते. प्रत्येक गाडीचा आवाज आला की उठत. गुरुवारीही बसले. मला विचारत, "बाय, पोरां कवा येतील?" मी म्हणत होते, येतील बाबा, काही काम निघालं असेल. मला खरंच तसं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी हवालदाराने सगळ्यांना मोजून वर्गात घेतलं. बाबाही होते. मग ते ओढ्यावर जाऊन येतो म्हणाले. म्हातारं माणूस, शिपायाने सोडलं. मी पोरांना गोळा करत होते, मला वाटलं ते परत आले. दुपारी शिट्ट्या झाल्या. आवाज झाला तेव्हा छताची कौलं खाली आली आणि नवसीने मूल पोटाखाली घेतलं. धूळ बसल्यावर सुकाने इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा कुटं हाय?"

ते ओढ्याकडच्या तुकड्यात सापडले. अंगावर कुठे जखम नव्हती. कानांतून थोडं रक्त आलेलं. जवळजवळ अर्धा तुकडा कापून झाला होता, आणि कापलेलं नीट पेंढ्या बांधून रचलेलं होतं. तो अधिकारी तिथे आला, टोपी काढून उभा राहिला.

सुकाचं घर राहिलं नाही. बांध होता तिथपासून शेतात आत केवढा तरी खड्डा आहे, त्यात ओढ्याचं पाणी झिरपायला लागलं आहे.

तुला हे कसं लिहू ह्याचा मी दोन दिवस विचार केला. न लिहिता राहावं असंही वाटलं. पण तू कधीतरी इकडे येशील आणि सुकाच्या तोंडून ऐकशील. अण्णांवर राग धरू नकोस. बुधवारचं मी त्यांना कळवलं नसतं तर तू आला असतास. कौतुकाने लिहिलं होतं. मी हे दोन्हीकडून फिरवून बघते, दिनू, आणि कुठेच पोचत नाही.

सुलू

* * *

सरावली
१७ ऑक्टोबर १९६५

तीर्थरूप अण्णांस दिनानाथचा नमस्कार.

तुम्हाला न सांगता निघून आलो. ताईचं पत्र तुमच्या पानांच्या टोपलीत ठेवलं होतं, ते तुम्ही वाचलं असेल. तुमचं ताईला आलेलं पत्रही मी इथे वाचलं. त्या बाईचं तुम्ही आधी सांगितलं असतं तरी मी रविवारी आलोच असतो. पण बुधवारी दारात तुमच्याशी तसं बोललो नसतो. त्याबद्दल माफ करा.

येताना वाटेत काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं. सुका शेतात होता. पाड्याची माणसं पुन्हा आपापल्या जागी गेली आहेत. ज्यांची घरं गेली त्यांनी झाडाखाली पेंढ्याचा आडोसा केला आहे. मी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, "सुकादादा, मी बुधवारी यायचं कबूल केलं होतं."

तो म्हणाला, "हां."

मी म्हणालो, "मला येऊ दिलं नाही."

तो म्हणाला, "बाबा तुजी वाट बगत होता." आणि पुन्हा मातीकडे वळला. रागाने म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. मी ठरवलेलं सगळं तिथेच संपलं. परत फिरावं म्हटलं तर पाय निघेना. नवसीने पाणी आणून दिलं. तिच्या कडेवरचं मूल फार बारीक झालं आहे, पण जिवंत आहे.

अण्णा, खड्डा आपल्या विहिरीएवढा आहे. तो भरला नाही तर पुढच्या वर्षी तिथे भाताचं आवण लावता येणार नाही, आणि दुसरी जमीन त्यांना नाही. सरकारातून अजून कुणी आलेलं नाही. सैन्याच्या माणसांनी बाकीचा माळ तपासला, आणखी काही नाही म्हणतात. खात्री मात्र देत नाहीत. त्यामुळे माती खणताना सुका कुदळ अलगद टेकवतो, कान देतो, मग ओढतो. दिवसभरात होऊन होऊन किती होणार? पाड्यातले गडी मदतीला आले होते, पण त्यांचीही घरं पडलेली आहेत. शिमग्यापर्यंत पुरेल एवढं भात निघालं. त्यानंतर सगळा पाडा मिठागरांवर मजुरीला जाईल, सुकाही जाईल. म्हणजे जे भरायचं ते आत्ताच.

मी उभा होतो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "उबा काय रेलास? ती पाटी उचल."

मी पाटी उचलली. अंधार पडेपर्यंत माती वाहिली.

संध्याकाळी झाडाखाली चुलीवर नवसीने भात रांधला, ह्याच शेतातला. मलाही वाढला. माझ्या हातून घास उचलवेना. सुका माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "खा. उद्याला माती वहाची हाय."

मी खाल्ला.

चिंतूला आणि बाकीच्यांना सांगा, ज्याला यायचं त्याने यावं, कुणाला ओढून आणू नका. तुम्ही म्हणाला होतात ती दोन पोती पाठवा. आणि आपल्या वाडीतल्या दोन पाट्या आणि मोठी कुदळ पाठवा, इथली मोडली आहे.

तुमचा
दिनानाथ